फाटकावरचे सेकंद कोणाच्या हिशेबाने?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटीच्या नाक्यापाशी सायंकाळी अर्धा तास उभे राहिले, तर या देशाच्या व्यापाराचे एक चालते चित्र पाहावयास मिळते. गुजरातेतून आलेल्या मालमोटारी, कंटेनर लादलेले लांबलचक ट्रेलर, तेलाचे आणि रसायनांचे टँकर येथे महामार्ग सोडतात आणि कामणमार्गे अंजूरफाट्याकडे, भिवंडीच्या गोदामांकडे वळतात. त्यांच्यातूनच वाट काढीत शाळांच्या बसगाड्या, रिक्षा आणि कामावरून परतणाऱ्यांच्या दुचाक्या जात असतात. या गर्दीपासून थोड्याच अंतरावरून वसई-दिवा रेल्वेमार्ग जातो. जूचंद्र आणि कामण रोड ही त्याची या भागातील स्थानके. न्हावाशेव्याच्या बंदराशी पश्चिम भारताला जोडणाऱ्या मालगाड्यांची या मार्गावर सतत ये-जा असते. म्हणजे एकाच मुलखातून माल रुळावरूनही जातो आणि रस्त्यावरूनही जातो. असे दोन प्रवाह जेथे जेथे एकमेकांना छेदतात, तेथे एक प्रश्न उभा राहतो. पूल असेल तर तो सुटलेला असतो. फाटक असेल तर तो रोज, दर गाडीगणिक, नव्याने सोडवावा लागतो.

तो प्रश्न वरकरणी अगदी साधा आहे. गाडी येत आहे हे रस्त्यावरच्या माणसाला किती आधी सांगावे?

आपल्याकडे फाटकावरच्या अपघातांची चर्चा बहुधा ‘फाटकवाला होता की नव्हता’ या एकाच मुद्द्याभोवती फिरत आली आहे. त्याला कारणही तसेच होते. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूर जिल्ह्यात कन्हानजवळ लग्नाचे वऱ्हाड घेऊन निघालेली ट्रॅक्टरची ट्रॉली बिनराखणीचे फाटक ओलांडीत असताना रेल्वेगाडीखाली सापडली आणि पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ शाळेच्या गाडीला अशाच फाटकावर धडक बसून १३ मुले दगावली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असे त्या वेळी सांगण्यात आले. या आणि अशा अनेक दुर्घटनांनंतर रेल्वेने ब्रॉडगेज मार्गांवरील बिनराखणीची सर्व फाटके ३१ जानेवारी २०१९ पर्यंत एक तर बंद केली, नाही तर तेथे माणूस नेमला, नाही तर रुळाखालून वाट काढून दिली. हे काम मोठे होते आणि त्याचे श्रेय रेल्वेला दिलेच पाहिजे.

परंतु फाटकावर माणूस बसला म्हणजे प्रश्न संपला, हा समज किती भाबडा आहे, हे ८ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात दिसून आले. सेम्मनकुप्पम येथे शाळेच्या व्हॅनला पॅसेंजर गाडीची धडक बसली आणि ३ विद्यार्थ्यांचा बळी गेला. तेथे फाटक होते, फाटकवाला होता, स्टेशनशी बोलण्यासाठी दूरध्वनीही होता. नव्हता तो फाटक आणि सिग्नल यांच्यातला सांधा.

हा सांधा म्हणजे काय, हे वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे. ज्या फाटकांना रेल्वेच्या भाषेत इंटरलॉक केलेली फाटके म्हणतात, तेथे फाटक पूर्णपणे मिटून त्याला कुलूप बसल्याखेरीज आगगाडीला पुढे येण्याचा सिग्नल मिळूच शकत नाही. फाटक उघडे राहिले, तर सिग्नल लाल राहतो आणि थांबते ती गाडी. चूक झालीच तर ती वेळेच्या खोळंब्यावर निभावते. माणसाचा जीव जात नाही. जेथे हा सांधा नाही, तेथे सारी भिस्त शब्दावर असते. स्टेशनमास्तर दूरध्वनीवरून फाटकवाल्याला गाडीची वर्दी देतो, फाटकवाला फाटक बंद केल्याचे सांगून आपला खाजगी क्रमांक कळवितो, आणि त्या क्रमांकाच्या भरवशावर गाडी सुटते. शब्द खरा असेल तर सारे ठीक. तो चुकीचा असेल, तर त्या क्षणापासून गाडीच्या आणि व्हॅनच्या मध्ये काहीही उरत नाही. देशात आज सुमारे १७,००० राखणीची फाटके आहेत आणि त्यांपैकी ११,००० हून अधिक फाटकांना हा सांधा मिळाला आहे. उरलेल्या हजारो फाटकांचे काय, हा प्रश्न कडलूरनंतर रेल्वेमंत्रालयाला स्वतःलाच विचारावा लागला. म्हणूनच कोणत्या फाटकाला सांधा द्यावयाचा याची मर्यादा २०,००० एककांवरून १०,००० एककांवर आणण्यात आली आणि फाटकांवर कॅमेरे बसविण्याचा निर्णय झाला.

ही ‘एकके’ कशी मोजतात, हे पाहिले म्हणजे आपल्या विचारातील एक मोठी उणीव ध्यानात येते. फाटकावरून दिवसात जाणाऱ्या गाड्यांची संख्या आणि रस्त्यावरील वाहनांची संख्या यांचा गुणाकार म्हणजे त्या फाटकाची एकके. हा आकडा १ लाखावर गेला, की रेल्वे आणि राज्य सरकार यांनी खर्च वाटून घेऊन पूल बांधण्याचा मार्ग मोकळा होतो. हिशेब सोपा आहे आणि तो निरुपयोगीही नाही. पण या हिशेबात मोटार हे एक एकक आहे आणि मालमोटार हेही एकच एकक आहे. चिंचोटीच्या नाक्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला यातील विसंगती सांगावी लागत नाही.

थोडे गणित करून पाहू. दुहेरी मार्गाच्या फाटकात दोन्ही दांड्यांमधील अंतर साधारण १५ मीटर धरू. ४ मीटर लांबीची मोटार ताशी २० किलोमीटर वेगाने आली, तर तिचे शेपूट पलीकडे जाईपर्यंत तिला १९ मीटर जावे लागते; त्याला साडेतीन सेकंद पुरतात. आता १८ मीटर लांबीचा भरलेला ट्रेलर घ्या. चढावरून, खडबडीत रुळांवरून तो ताशी ५ किलोमीटरपेक्षा वेगाने जात नाही. त्याला ३३ मीटर जावयाचे आहे; त्याला २४ सेकंद लागतात. गियर टाकून जागचा हलण्याचे चार सेकंद त्यात मिळविले, तर २८ झाले. तेवढ्या अवधीत ताशी ११० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सुमारे ८५५ मीटर अंतर कापते. आणि अशा गाडीला, चालकाने समोर अडथळा पाहून ब्रेक लावले तरी, थांबावयास सुमारे एक किलोमीटर लागू शकतो. तात्पर्य, गाडीचा चालक ट्रेलर पाहतो तेव्हा बहुतेक वेळा सारे ठरून गेलेले असते. आधी मिळालेली वेळ हाच काय तो उपाय. ऐन वेळी केलेली धडपड हा उपाय नव्हे.

या गणिताची किंमत इंग्लंडने एकदा मोजली आहे. ६ जानेवारी १९६८ रोजी स्टॅफर्डशायरमधील हिक्सन येथे १२० टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन जाणारे एक अवाढव्य वाहन स्वयंचलित फाटक ओलांडीत होते. तेथील यंत्रणा इशारा सुरू झाल्यापासून अवघ्या २४ सेकंदांत गाडी यावी, अशा बेताने बसविलेली होती. त्या वाहनाला फाटक ओलांडण्यास सुमारे एक मिनिट लागणार होते. दिवे लागले, घंटा वाजली, दांड्या खाली आल्या. यंत्राने नेमून दिलेले काम चोख केले. आणि मँचेस्टरहून लंडनला निघालेली एक्स्प्रेस त्या वाहनावर आदळून ११ माणसे दगावली. वाहनाबरोबर पोलिसांची गाडी होती. फाटकापाशी सिग्नलमनशी बोलण्याचा दूरध्वनीही होता. पण इतक्या संथ वाहनाने रुळावर जाण्याआधी तो उचलून विचारले पाहिजे, हे त्या ताफ्यातील कोणाला उमगले नाही. कोणतेही यंत्र बिघडले नव्हते. ज्यांनी सेकंद ठरविले, त्यांच्या डोळ्यांसमोर ते वाहन नव्हते, एवढेच. आज ब्रिटनमध्ये अशा फाटकांसाठी किमान अवधी २७ सेकंदांचा आहे आणि लांब व संथ वाहनांनी आधी दूरध्वनी करावा, असे ठळक फलक तेथे असतात.

मग वाचक म्हणतील, की फाटक पाच-दहा मिनिटे आधीच बंद करावे, म्हणजे झाले. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी होते ते हेच. सिग्नलशी सांधलेले फाटक गाडी लांब असतानाच मिटावे लागते, कारण त्याशिवाय सिग्नलच मिळत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. परंतु फाटकासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात या अवधीत काय घडते, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. दोन मिनिटे तो स्वस्थ असतो. चौथ्या मिनिटाला तो रुळाच्या दोन्ही बाजूंना पाहतो; गाडी दिसत नाही. सहाव्या मिनिटाला पहिली दुचाकी दांडीखालून वाकून पलीकडे जाते. तिला काही होत नाही. तिच्यामागून दुसरी जाते, तिसरी जाते. त्या दिवसापासून बंद फाटकाचा अर्थ त्या सर्वांपुरता बदलतो. ‘गाडी येत आहे’ या ऐवजी ‘गाडी केव्हा तरी येईल’ असा तो होतो. इशारा वारंवार फार आधी मिळू लागला, म्हणजे त्याच्यावरचा विश्वास उडतो. लांडगा आला रे आला या गोष्टीतील गुराख्याचे झाले, तेच येथे फाटकाचे होते.

त्यातच डोळाही दगा देतो. हर्शेल लाइबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली या विषयावर लिहिताना एक महत्त्वाची गोष्ट मांडली. मोठी वस्तू लहान वस्तूच्या तुलनेने सावकाश चालल्यासारखी भासते. समोरून येणारे प्रचंड इंजिन म्हणूनच आहे त्याहून कमी वेगाने येत असल्यासारखे वाटते आणि ‘अजून वेळ आहे’ असा कौल मन देऊन टाकते. दुहेरी मार्गावर आणखी एक फसगत होते. एक गाडी निघून जाते, माणूस सुटकेचा निःश्वास टाकून रुळावर पाऊल ठेवतो, आणि त्या गाडीच्या आड झाकलेली दुसरी गाडी उलट दिशेने येऊन ठेपलेली असते. दांडी अजून खाली का आहे, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलेला नसतो.

म्हणजे इशाऱ्याची वेळ दोन्ही बाजूंनी चुकू शकते. ती अपुरी असली, तर संथ वाहन अडकते. ती अकारण लांबली, तर चपळ वाहन अधीर होते. अमेरिकेत स्वयंचलित इशाऱ्यासाठी किमान २० सेकंदांचा नियम आहे. त्यातही दिवे चमकू लागल्यावर किमान ३ सेकंदांनीच दांडी खाली येऊ लागावी आणि गाडी येण्याच्या किमान ५ सेकंद आधी ती आडवी झालेली असावी, असा तपशील आहे. येणाऱ्या गाडीचा वेग मोजून, ती मेल असो की मालगाडी, इशाऱ्याचा अवधी शक्यतो सारखाच राहील अशी यंत्रेही तेथे वापरतात. त्यांचे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे आणावेत, असे मुळीच नाही. आपले रस्ते, आपली वाहने आणि आपली गर्दी वेगळी आहे. उचलण्याजोगा आहे तो त्यामागचा विचार. इशारा हा रेल्वेने रस्त्यावरील माणसाशी केलेला वेळेचा करार आहे. तो सर्वांत लांब आणि सर्वांत संथ वाहनाचा हिशेब धरून लिहिलेला असावा, आणि रोज खरा ठरावा.

करार खरा ठरण्यासाठी केवळ रुळाकडे पाहून भागत नाही. रुळापलीकडे काय आहे, तेही पाहावे लागते. २५ ऑक्टोबर १९९५ रोजी अमेरिकेत इलिनॉय राज्यातील फॉक्स रिव्हर ग्रोव्ह येथे शाळेची बस रूळ ओलांडून पुढच्या चौकातील लाल दिव्यापाशी थांबली. चौकात जागा अपुरी असल्याने तिचे मागचे टोक रुळाच्या हद्दीत राहिले. त्या दिवशी बस नेहमीच्या चालकाच्या हाती नव्हती. रेल्वेचा इशारा सुरू झाला. रस्त्याचा दिवा हिरवा होईपर्यंत आणि बस हलेपर्यंत लोकलगाडी येऊन धडकली. ७ विद्यार्थी दगावले. रेल्वेचे घड्याळ बरोबर होते, रस्त्याच्या दिव्याचे घड्याळही त्याच्या परीने बरोबर होते. दोन घड्याळे एकमेकांशी बोलत मात्र पुरेशी नव्हती.

हे उदाहरण परदेशातले म्हणून बाजूला सारता येणार नाही. चिंचोटीच्या नाक्यावर कोंडी झाली, की मागे ट्रेलरांची रांग किती दूर जाते, हे वसईकर रोज अनुभवतात. अशा रांगेचे शेपूट ज्या ज्या ठिकाणी फाटकावर येऊन थांबत असेल, तेथे चालक कितीही सावध असला, तरी त्याचे सावधपण त्याच्या पुढच्या वाहनाच्या हाती असते. वसई-दिवा मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, दिव्यात, रस्त्याच्या गर्दीमुळे फाटक वेळेवर मिटेना आणि त्यापायी मध्य रेल्वेच्या लोकलगाड्या खोळंबत, हा अनुभव हजारो चाकरमान्यांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. तेथे निदान सिग्नल लाल राहत होता. खोळंबा झाला, पण जीव राहिले. सांधा नसलेल्या फाटकावर हीच गर्दी असती तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

या साऱ्यात वाहनचालकाची जबाबदारी नाही काय? निःसंशय आहे. कायदाही याबाबत मोघम नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १३१ अन्वये राखण नसलेल्या फाटकापाशी चालकाने वाहन थांबवून, वाहक, क्लीनर किंवा सोबतच्या माणसाला पुढे पाठवून, सोबत कोणी नसेल तर स्वतः उतरून, गाडी येत नाही याची खात्री करून घ्यावयाची असते. रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १६० अन्वये बंद फाटक परस्पर उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि ते मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु ज्या चालकाने रात्रभर गाडी हाकली आहे, ज्याला ठरल्या वेळी गोदामात पोचले नाही तर बोलणी खावी लागणार आहेत, त्याच्याकडून केवळ कलमांच्या बळावर संयमाची अपेक्षा धरणे कितपत योग्य? आणि तोच न्याय फाटकवाल्यालाही लावावयास नको काय? दांडी खाली घेतल्यावर ‘एवढी एक जाऊ दे’ म्हणून त्याच्यावर भोंगे वाजविणारे, त्याच्या अंगावर धावून जाणारे आपल्यातलेच असतात. अपघातानंतर मात्र आपण सारे त्या एकट्याकडे बोट दाखवितो.

यावर कायमचा उपाय एकच आहे, आणि तो कोणाला ठाऊक नाही असे नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने २०१२ साली आपल्या अहवालात राखणीची आणि बिनराखणीची सर्व समपार फाटके पाच वर्षांत नाहीशी करावीत, असे सुचविले आणि त्यासाठी सुमारे ५०,००० कोटी रुपये खर्च येईल, असा अंदाज दिला. ती पाच वर्षे केव्हाच उलटली. बिनराखणीची फाटके गेली. राखणीची हजारो अजून आहेत. महाराष्ट्रात पूल बांधण्यासाठी राज्य आणि रेल्वे यांचे संयुक्त महामंडळही स्थापन झाले आहे आणि कामे होत आहेत. तथापि पूल होईपर्यंतचा काळ हा रिकामा काळ नसतो. त्या काळात रोज मुले शाळेत जात असतात.

म्हणून काही गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत, आणि त्यांना पुलाइतका खर्च नाही. फाटकाची एकके मोजताना वाहनांची लांबी आणि संथपणा यांनाही वजन द्यावे. औद्योगिक पट्ट्यांतील फाटकांचा क्रम त्यामुळे आपोआप वर येईल. दांडी खाली येण्याआधी भोंगा आणि दिवे किती सेकंद चालावेत, हे त्या फाटकावरून जाणाऱ्या सर्वांत लांब वाहनाला प्रत्यक्ष फाटक ओलांडावयास लावून, घड्याळ हातात घेऊन ठरवावे. रुळाच्या पलीकडे एका पूर्ण ट्रेलरची जागा मोकळी असल्याखेरीज कोणी फाटकात शिरू नये, यासाठी रस्त्यावर ठळक पट्टे आखावेत आणि जवळच्या चौकातील सिग्नल फाटकाशी जोडावेत. थांबलेल्या माणसाला अजून किती वेळ थांबावयाचे आहे आणि एक गाडी येणार की दोन, हे साध्या फलकावर दिसले, तर त्याची निम्मी अधीरता तेथेच ओसरेल. अवजड वाहनांच्या चालकांसाठी फाटकवाल्याशी बोलण्याची सोय असावी आणि ती आहे हे मराठी, हिंदी व गुजराती अशा तिन्ही भाषांत लिहिलेले असावे.

आणि काही आपल्याही हाती आहे. या वर्तमानपत्राचे बरेच वाचक शिक्षक आहेत. शाळेच्या बसचा चालक फाटकापाशी खिडकी उघडतो का, गाणी बंद करतो का, पलीकडे जागा असल्याशिवाय रुळावर जात नाही ना, हे विचारण्याचा अधिकार शाळेला आणि पालकांना आहे. कचेरी गाठण्याच्या घाईत दांडीखालून दुचाकी काढणाऱ्याला शिक्षा होवो न होवो, त्याच्या मागे बसलेल्या मुलाला मात्र त्या दिवशी एक धडा मिळतो, आणि तो आयुष्यभर त्याच्यासोबत राहतो.

चिंचोटीच्या नाक्यावरून सायंकाळी निघालेला ट्रेलर भिवंडीला पोचेपर्यंत कितीदा थांबतो, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. रूळ ओलांडण्यास त्याला २८ सेकंद लागतात, ही मोजदाद मात्र कोणी तरी ठेवलीच पाहिजे. ती फाटकवाल्यावर, चालकावर किंवा नशिबावर सोपवून चालणार नाही.